वानखड्यांचा लीडर

एका माणसाचा एक किस्सा सांगायला घ्यावा, तर बाकीचे चार मागून येऊन उभे राहतात आणि 'आमचं काय?' म्हणून विचारतात. ओव्हरसियर वानखड्यांचं तसंच आहे. महाराष्ट्र नवा नवा होता आणि आम्ही नांदुऱ्याला कालव्याच्या सर्व्हे ऑफिसात होतो. मी क्लार्क. वानखडे म्हणजे आमच्यातले सर्वांत हुशार गृहस्थ आणि सर्वांत निरुपयोगी मासेमार. हे मी प्रेमानं म्हणतोय.

झालं असं, की जुन्या कुण्या इंजिनियरसाहेबाची मासे धरायची काठी गोदामात सापडली. तिला चरखी, रेशमी दोरी, आणि सोबत डबीत कोंबड्याच्या पिसांच्या फसव्या माश्या. माशी पाण्यावर अलगद पडावी म्हणून जाड दोरी आणि माशी यांच्यामध्ये एक बारीक, निमुळता तुकडा बांधतात. त्याला म्हणायचं लीडर. डबीतला लीडर कुजलेला होता. तेव्हापासून रविवारी पूर्णेवर जायचं आणि उरलेले सहा दिवस लीडर सुधारायचा, हेच वानखड्यांचं आयुष्य झालं.

घरी त्यांचे वडील, दगडूआबा. सगळा जन्म वडनेर भोलजीच्या शेतात गेला, नदीचा मासा खाऊनच मोठे झालेले. आता डोळे गेले, म्हणून मुलाकडे. दर रविवारी ओसरीवरून विचारत, "गावला का बे?"

"नाही बा. पन दोरी आज मस्त चालली."

"मंग दोरीचीच भाजी करा!"

वानखडे हसत नसत. आपल्या हातचा एक मासा बापाच्या ताटात पडावा, एवढंच त्या माणसाचं मागणं होतं. आम्हा सगळ्यांनाच वाईट वाटायचं.

*

नायलॉन तेव्हा आमच्याकडे बघायलाही मिळत नव्हतं. वानखड्यांनी कुठंतरी वाचलं, की लीडर घोड्याच्या शेपटीच्या केसाचा उत्तम. तोही घोड्याचाच हवा. घोडीचा केस लघवीनं सदा ओला होतो, म्हणून लवकर तुटतो म्हणे. स्टेशनवर रहीमचाचांचा टांगा होता. रोज पायी ऑफिसला येणारे वानखडे एकाएकी टांग्यानं येऊ लागले, आणि उतरल्यावर घोड्याच्या मागच्या बाजूला जरा जास्तच रेंगाळू लागले.

महिन्याभरानं रहीमचाचा ऑफिसात हजर!

"साहेब, आनखी किती मासे धराचे हायेत?"

"का हो?"

"काही नाही. घोडा इचारून राह्यला."

*

रेशमी दोरी पाण्यावर तरंगायला हवी, म्हणून तिला जवसाचं तेल पाजलं, वरून मेण घासलं. वाळायला क्वार्टरच्या अंगणात, खांबापासून कडुनिंबापर्यंत ताणून बांधली. दुपारी घरी जाऊन बघतात तर सुमनवहिनींनी तिच्यावर दोन लुगडी आणि एक ओली सतरंजी टाकलेली!

वानखड्यांनी आवाज चढवला नाही. टेप आणली, दोरी किती लांबली ते मोजलं, वहीत लिहिलं. मग म्हणाले, "अजून एखादी सतरंजी हाये का?"

वहिनी म्हणाल्या, "दोरी खरंच चांगली हाय हो. तुमी उगीच नदीवर नेऊन राह्यले."

*

वानखडे मूळचे पूल बांधणारे. कुठलंही काम लागतं त्याच्या तिप्पट मजबूत करायचं, ही त्यांची शिस्त. त्यांनी केस पिळून असा लीडर केला की त्याला एक ओळंबा टांगला, दोन टांगले, शेवटी ऑफिसचं दार अडवायचा लोखंडी ठोकळा टांगला, तरी तुटेना. वानखडे खूश!

रविवारी एक जबरदस्त मरळ लागली. लीडर तुटला नाही. दोरी तुटली नाही. गाठ सुटली नाही. वानखड्यांच्या हातातून काठीच गेली, चरखीसकट.

मोजणीची साखळी ओढणारा आमचा चेनमन तुळशीराम पोहत गेला आणि पार वळणापलीकडून काठी घेऊन आला. गळ सरळ होऊन मासा निसटला होता. लीडर शाबूत होता.

"साहेब," तुळशीराम अंग पुसत म्हणाला, "कुठी तरी तुटू द्या ना. नाही तं पुढच्या बारीले मले तुमालेच आनाले जा लागन."

*

मग नवा लीडर रीतसर. आधी ट्रेसिंगच्या कापडावर ड्रॉइंग, स्केलप्रमाणे. सहा तुकडे, एकाहून एक बारीक, मधे पाच गाठी. नेमके त्याच दिवशी वरचे मोठे साहेब तपासणीला आले आणि त्यांनी टेबलावरचं ड्रॉइंग उचललं.

"हा पाइप शेवटाकडे इतका निमुळता का?"

वानखडे खोटं बोलत नसत. "शेवटी जोर कमी व्हायला पाहिजे, साहेब."

"बरोबर!" साहेबांनी सही ठोकली. मंजूर!

आम्ही हसून बेजार. वानखडे गंभीर. पुढच्या आठवड्यात मी सहज म्हटलं, "चौथा तुकडा जरा आखूड करून बघा की."

"आता मंजूर झालंय," ते म्हणाले. "फेरफार करायचा तर साहेबांकडे पाठवावं लागेल."

*

आणि मग बदलीचा हुकूम आला. जायचं त्या गावी उन्हाळ्यात प्यायचं पाणीसुद्धा बैलगाडीनं येत होतं. म्हणजे आबांच्या ताटात मासा पडायला एकच रविवार उरला.

त्या रविवारी आम्ही सगळेच नदीवर गेलो. माशी पाण्यावर अशी अलगद उतरली की कुणी श्वास घेईना. मरळ आली. तिनं ओढ ओढ ओढलं, पण सगळं टिकलं. तुळशीरामनं ती दुपट्ट्यात धरून काठावर आणली. वानखड्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. माझ्याही होतं, खोटं कशाला बोलू.

गळ तिनं पार आत गिळला होता. लीडर कापावा लागणार, म्हणून तुळशीरामनं विळा काढला. वानखडे ओरडले, "खबरदार!"

मग आम्ही तसेच एस.टी.नं निघालो. कंडक्टर म्हणाला, एवढी लांब काठी टपावर टाका. वानखडे म्हणाले, "टाका. मासा माझ्या मांडीवर राहील." काठी टपावर, मासा आत, आणि खिडकीतून दोरी. नांदुऱ्यापर्यंत!

घरी मरळ आबांच्या हातात दिली. आबांनी डोक्यापासून शेपटीपर्यंत चाचपली. मग हळूच म्हणाले, "मोठी हाय बे." वहिनींनी पदर डोळ्याला लावला.

आबांची बोटं मरळीच्या तोंडातून निघालेल्या केसावर गेली. जन्मभर अंबाडीचे दोर वळलेली बोटं ती. एक गाठ. दुसरी गाठ. तिसरीवर थांबली.

"हे कोनं बांधली?"

"मीनं, बा."

"उलटी पिळली तू."

वानखड्यांनी आत जाऊन ब्लेड आणलं आणि स्वतःच्या हातानं लीडर कापला.

आम्हाला संध्याकाळी जेवायला बोलावलं होतं. गेलो, तर मरळ मांजरीनं कुंपणाबाहेर ओढून नेली होती. चुलीवर पिठलं रटरटत होतं. आणि ओसरीवर बापलेक समोरासमोर बसून नव्या लीडरच्या चौथ्या गाठीवर होते.

मी म्हटलं, "आबा, मासा?"

आबा मान वर न करता म्हणाले, "कोनता मासा? ते तिकडचं टोक धर बे!"