आप्पांचा दमा आणि न पडलेली थंडी

गेल्या हिवाळ्यात आमच्या ऑफिससमोरच्या चहाच्या टपरीवर रोज एकच विषय असायचा. थंडी कुठं गेली?

"डिसेंबर हाय का एप्रिल हाय राव? रात्री पंखा तीनवर ठेवून झोपलो."

"तुमचा तीनवर तरी हाय. आमी गाद्या गच्चीवर नेल्या."

आमच्यातला एक जण यंत्रमागवाल्यांच्या घरातला. घरात तेलुगू, ऑफिसात मराठी. तो म्हणायचा, "तुमचं पंख्याचं काय घेऊन बसलात? आमच्याकडं चादरींची थप्पी छताला टेकली. पाहुणे आले तर खुर्चीला जागा नाही, थप्पीवरच बसवतो. वरून चहा मागतात."

सगळे हसायचे. मग कुणीतरी शाळूचा, म्हणजे रब्बी ज्वारीचा, विषय काढायचा. आमच्यातल्या निम्म्या जणांचं रान अजून गावाकडं आहे, त्यामुळं ऑफिसात कारकून असले तरी बोलण्यात पीकपाणी येतंच. थंडी नाही म्हणजे शाळूला जोर नाही, आभाळ आलं की माव्याची कीड पडते, पानं चिकट होतात. "यंदा शाळू गेला," असं एक जण म्हणायचा आणि बाकीचे माना डोलवायचे.

मीही डोलवायचो. पण मनात म्हणायचो, नाही पडली तर बरंच आहे. संक्रांतीपर्यंत अशीच लांब राहू दे.

हे मी कुणाला सांगितलं नाही. शेतकऱ्याच्या पोटी जन्मून थंडी पडू नये असं म्हणणं म्हणजे घरच्या पिकाला शाप देण्यासारखंच. पण मला कारण होतं. आप्पा, म्हणजे माझे वडील, यांना दमा आहे. पाच वर्षांपूर्वी मी त्यांना आणि आईला गावाहून सोलापूरला आणलं, आणि त्याच पहिल्या हिवाळ्यात त्यांची छाती वाजायला लागली. तेव्हापासून दर वर्षी थंडी पडली की दोन-तीनदा तरी दवाखाना. रात्रभर उशा टेकून बसायचं, एक शब्द बोलायचा, थांबायचं, मग दुसरा. ज्या माणसानं दुधनीच्या बाजारात आवाजावर बैल विकले, तो पाणी मागायला हात दाखवायला लागला. मागच्या वेळी डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "पुढचा हिवाळा सांभाळा. प्रत्येक वेळी इतकं ताणलं तर फुप्फुसं किती दिवस साथ देतील?" तेव्हापासून पेपर हातात आला की मी आधी तापमान बघायचो.

घराबद्दल सांगायला पाहिजे. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला पहिला माणूस मी. बी.एस्सी. झालो, नोकरी लागली आणि अक्कलकोट रोडला घर बांधलं. दोन खोल्या, स्वयंपाकघर, वर स्लॅब. सरकत्या काचेच्या खिडक्या. ते घर मी बांधलं याचा मला गर्व होता, आजही आहे, लपवत नाही. गावाकडं आमचं धाब्याचं घर होतं, मातीचं, छताला एक सवणं. सवणं म्हणजे उजेडासाठी आणि धूर जाण्यासाठी ठेवलेलं भोक. पावसाळ्यात त्यावर घमेलं पालथं घालायचं. माझ्या घरात असलं काही नको, हे मी गवंड्याला पहिल्या दिवशी सांगितलं होतं. खिडकी लावली की वारा आत येता कामा नये.

आणि थंडी पडली की आप्पांसाठी शेक. ते माझं काम. गावाकडून काकांनी पाठवलेल्या गोवऱ्यांचं पोतं गच्चीवर असायचं. ऑफिसातून आलो की चार गोवऱ्या अंगणात पेटवायच्या, जाळ विझून निखारे झाले की घमेल्यात घालून आप्पांच्या खाटेजवळ ठेवायचे, खिडक्या लावायच्या, फटींत वर्तमानपत्र कोंबायचं. आमच्याकडं आजाऱ्याला असंच जपतात. माझ्या आज्याला असंच जपलं. आई म्हणायची, "पोरगा कॉलेज शिकला तरी बापाचा शेक इसरला न्हाय." मला ते ऐकायला आवडायचं.

गेल्या हिवाळ्यात मात्र डिसेंबर गेला आणि पोतं गच्चीवर तसंच राहिलं. घामच येत होता, शेक कशाला? आप्पा अंगणात खुर्ची टाकून बसायचे आणि दिसेल त्याला सांगायचे, "थंडी न्हाय. हरभऱ्याला घाटेअळी लागणार. लिहून ठेवा." एका दमात. मी आतून ऐकायचो आणि मला इतकं बरं वाटायचं की सांगता येत नाही.

काकांचा गावाहून फोन यायचा. "तिकडं थंडी हाय का रं?"

"अजिबात न्हाय काका."

"मग हसतुयास कशाला?"

"हसत न्हाय."

"आवाजात कळतंय की. शाळू हाताएवढा ऱ्हायलाय हितं. आन तू लगीन ठरल्यासारखा बोलतुयास."

मी फोन आप्पांकडं द्यायचो. मग दोघं भाऊ अर्धा तास आभाळाला शिव्या घालायचे.

संक्रांत झाली. माणसं घामानं चिकट हातांनी तीळगूळ वाटत होती. मला वाटलं, सुटलो. आता दिवस मोठा होणार, थंडी कसली येते? बायको पोराला घेऊन माहेरी गेली होती. मला ऑफिसच्या ट्रेनिंगसाठी तीन दिवस पुण्याला जायचं होतं. जाताना आईला म्हणालो, काही झालं तर फोन कर. ती म्हणाली, "काय व्हतंय? जा."

आणि त्याच रात्री थंडी आली.

पुण्यात हॉटेलच्या खोलीत मी मोबाइलवर सोलापूरचं तापमान बघत बसलो. आकडा उतरत होता. आईला फोन केला. "बरे हायत, जेवले, झोपले." दुसऱ्या दिवशी पुन्हा केला. "बरे हायत म्हनलं की. किती इचारतोस?" माझा विश्वास बसला नाही. आई काळजी नको म्हणून खोटं बोलते, हे मला लहानपणापासून माहीत आहे. तिसऱ्या दिवशी ट्रेनिंगचा शेवटचा तास सोडून मी गाडी पकडली.

सोलापूर स्टेशनला उतरलो तर रिक्षावाले तोंडाला मफलर बांधून होते आणि खुशीत होते. "आली की ओ शेवटी! बसा, कुटं जायचंय?" मला मात्र घर कधी येतंय असं झालं होतं.

घरी आप्पा खाटेवर बसून शेंगा सोलत होते. अंगावर दोन चादरी, कानटोपी, आणि खिडकी अर्धी उघडी. मी आधी खिडकी लावली.

"अगं आई, खिडकी उघडी? आणि शेक?"

"पोतं गच्चीवर हाय. माजं गुडघं जिना चढत्यात व्हय? तू न्हवतास, तुजी बायको न्हवती."

मी कपडेही बदलले नाहीत. गच्चीवरून गोवऱ्या आणल्या, अंगणात पेटवल्या, निखारे घमेल्यात घेतले, आत नेले. फटींत पुण्याहून येताना वाचलेला पेपर फाडून कोंबला. आप्पा म्हणाले, "राहू दे की रं, बरं वाटतंय मला." मी म्हणालो, "आप्पा, तुम्हाला काय कळतंय? थंडी मुरते आत." असं म्हणून मी आंघोळीला गेलो. चहा प्यायलो. एक तास झाला असेल.

तेवढ्यात आईनं हाक मारली. आप्पा खाटेच्या काठावर दोन्ही हात रोवून बसले होते. तीच शीळ छातीत, तेच खांद्यांचं वरखाली. मी एकच विचार केला, गाठलं थंडीनं शेवटी.

रिक्षा करून कोपऱ्यावरच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी वाफेचा मास्क लावला, इंजेक्शन दिलं. अर्ध्या तासानं श्वास जरा खाली बसला. तेव्हा ते म्हणाले, "यंदा पहिलीच वेळ ना? मी म्हणतच होतो, हे अजून आले कसे नाहीत. आज काय झालं?"

मी म्हणालो, "थंडी पडली, साहेब."

आई दारात उभी होती. ती डॉक्टरांशी कधी बोलत नाही. चार यत्ता शिकलेली बाई, सीमेपलीकडच्या, कर्नाटकातल्या गावातली. ती म्हणाली, "थंडी तर परवाच पडली की. काल बी हुती, परवा बी हुती. दोन रात्री झोपले हे, खोकला सुदिक न्हाय. आज ह्यो आला, शेक दिला, आन सुरू झालं."

"शेक म्हणजे?" डॉक्टरांनी विचारलं.

"गोवऱ्यांचा. घमेल्यात."

"खोलीत? खिडक्या?"

"ह्यो लावतोय की. कागद बी कोंबतोय."

डॉक्टर माझ्याकडं बघायला लागले. पाच वर्षं मी त्यांच्याकडं येत होतो. काय खातात, कुठं झोपतात, सगळं सांगितलं होतं. शेकाचं कधी सांगितलं नाही. पाणी पितात हे कुणी सांगतं का? तसं ते आमच्याकडं सांगण्यासारखं नव्हतंच.

"धूर असतो ना?"

"जाळ बाहेर करतो, साहेब. आत फक्त निखारे."

"दिसत नाही म्हणजे नसतो का?" मग ते म्हणाले, "थंडीचा त्रास होतो दम्याला, नाही असं नाही. पण हे त्याहून वाईट. आणि दमा सोडा, बंद खोलीत निखारे ठेवून झोपलेली माणसं सकाळी उठत नाहीत. वाचलात तुम्ही. शिक्षण काय तुमचं?"

"बी.एस्सी."

"विषय?"

"केमिस्ट्री."

ते औषधं लिहायला लागले. कार्बन मोनॉक्साइड. रंग नाही, वास नाही. अपुऱ्या हवेत जळण जळालं की तयार होतो. दुसऱ्या वर्षाला मला हा प्रश्न आला होता आणि मी आकृतीसकट लिहिला होता. पास झालो आणि सवणं नसलेलं घर बांधून त्यात पाच हिवाळे बापाला धुरी दिली. गावाकडं तोच शेक, तीच गोवरी, पण वर भोक होतं. त्या भोकाची मला लाज वाटायची.

परतताना रिक्षात आप्पा मधे, आम्ही दोघं दोन बाजूंना. मी मान खाली घालून बसलो होतो. मला वाटत होतं, आता म्हाताऱ्याला तोंड कसं दाखवू? आप्पांनी घसा खाकरला.

"पंधरा-सोळा वर्सं शाळा शिकलास. आन धूर वळखायला तुजी आई लागली."

"आप्पा..."

"म्या म्हनलं हुतं, राहू दे. म्हन्लास, तुमाला काय कळतंय."

आई म्हणाली, "सुम्म कूडरी." वैतागली की ती कन्नडवर येते. "गप बसा म्हनते. परत दम लागंल."

"न्हाय लागत. आता कळलंय की कशानं लागतोय." आणि आप्पा हसले. खोकला न येता हसले. रिक्षावाल्यानं आरशात बघितलं, की दवाखान्यातून निघालेली ही माणसं हसतात कशाला. मलाही हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं, दोन्ही एकदम. पाच वर्षं मी ज्याला भीत होतो ते आभाळात नव्हतंच. माझ्या हातातल्या घमेल्यात होतं, आणि घमेलं खाली ठेवता येतं.

थंडी पुढं आठ-दहा दिवस टिकली. गोवऱ्या आईनं अंगणातल्या चुलीला लावल्या, आंघोळीच्या पाण्याला. आप्पांच्या खोलीची खिडकी वीतभर उघडी राहिली, मी जाता-येता ती बघून यायचो. पहिल्या चार दिवसांत रात्री उठून त्यांच्या दारात उभा राहून कान द्यायचो. एकदा त्यांनी डोळे न उघडताच म्हटलं, "जिवंत हाय. जा झोप." नाही म्हणायला सकाळी थोडा खोकला यायचा, दम्याच्या औषधाच्या पंपाचे दोन दाब घेतले की बसायचा. दवाखान्याची पायरी पुन्हा चढलो नाही.

आणि मग आप्पांनी विषय काढला. "मला गावाकडं सोड. चार दिस."

"ह्या थंडीत?"

"थंडीतच. शाळू बघायचाय."

पाच वर्षांत ते हिवाळ्यात गावी गेले नव्हते. मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, औषध खिशात असू द्या, चुलीजवळ बसवू नका, बाकी जाऊ द्या. आई म्हणाली, "ह्यांना चुलीजवळ बसायला कोन देतंय? सैपाकात लुडबूड करत्यात." रविवारी त्यांना अक्कलकोटच्या एसटीत बसवलं. पुढं काका मोटारसायकल घेऊन येणार होते. गाडी सुटेपर्यंत मी तीनदा पंप कुठल्या खिशात आहे ते विचारलं. तिसऱ्यांदा शेजारच्या बाईनंच सांगितलं, "डाव्या खिशात हाय त्यांच्या, जावा आता."

सोमवारी दुपारी ऑफिसात फोन आला. काकांच्या नंबरवरून, पण आवाज आप्पांचा. मागं वारा घोंघावत होता.

"शाळू गेला न्हाय रं! उशिरा का हुईना, थंडीनं हात दिला. कणीस लहान हाय, पर दाना भरतोय, आन बांधाकडचा मावा बी हटलाय, आन तुज्या काकानं मधल्या वावरात पानी द्यायचं सोडून हरभऱ्याला दिलं, त्याला कोन सांगनार, म्या सांगितलं, आता रुसून बसलाय झाडाखाली..."

ते बोलत राहिले. मी हातातली फाइल बाजूला ठेवली आणि ऐकत राहिलो. कुठंही थांबत नव्हते.