पाच दाण्यांची ओटी

निजामाचं राज्य गेलं, तरी कळंबच्या बाजारात कुणी दानधर्म काढायचं म्हटलं की लोक म्हणतात, "आधी गुंडाप्पा दिवाणजीला इचारा. कुठं दिलं म्हंजी सार्थकी लागतं, ते त्यालाच कळतं." हे ऐकलं की गुंडाप्पाची मान खाली जाते. लोकांना वाटतं, केवढा विनय! विनय कसला डोंबलाचा! केलेलं पाप मान वर करू देत नाही, एवढंच.

गोष्ट दुसऱ्या मोठ्या लढाईच्या दिवसांतली, एका टंचाईच्या सालातली. गुंडाप्पा तेव्हा चन्नबसप्पा अडत्याकडं दिवाणजी होता. उर्दूत कागद लिहायचा, कचेरीत त्याचा शब्द चालायचा. माणूस हुशार, आणि हुशारीची खाज असलेला. अशी खाज लई वाईट.

चन्नबसप्पांची बायको गौराबाई दर सोमवारी दारात येईल त्या सवाष्णीची ओटी भरायची. शास्त्रापुरते गव्हाचे पाच दाणे, आणि त्यावर ज्वारी, चांगली पदर ताणेपर्यंत. बाया कुंकू लावून घ्यायच्या, पदर सावरून निघायच्या. कोण हौसेनं आली आणि कुणाच्या घरी चूल पेटायची होती, हे त्या दारात कुणी विचारत नसे.

त्या साली ज्वारी महागली आणि गुंडाप्पाच्या पोटात दुखायला लागलं. रांगेत पाटलाची सून, सोनाराची बायको! तो मालकांना म्हणाला, "अण्णा, हे म्हंजी आंधळं दळतंय आन् कुत्रं पीठ खातंय. ओटीतली सगळी ज्वारी एका जागी करू. खरे हकदार कोण, त्यांची फेहरिस्त करू. चावडीवर यायचं, नाव सांगायचं, अंगठा द्यायचा, महिन्याचं पोतं न्यायचं. पाऊस पडंपतुर त्यांची चूल इझायची न्हाय."

बोलणं खोटं नव्हतं, हीच तर पंचाईत. चन्नबसप्पा खूश झाले. गौराबाई तेवढी म्हणाली, "गुंडाप्पा, ज्याला लाज हाय ते माणूस चावडीवर येत न्हाय बाबा."

"अव्वा, भूक लागली की लाज पळती," गुंडाप्पा हसून म्हणाला.

हसला! त्या हसण्याची त्याला आजही शिसारी येते.

यादी झाली. बोलता बोलता कोंडीरामचं नाव कुणीतरी काढलं. गुंडाप्पानं पटवाऱ्याचा कागद पाहिला. आठ एकर काळी जमीन! "आठ एकरवाल्याला कशाला?" म्हणून तो पुढं गेला. कोंडीराम अर्धांगानं खाटेवर पडून होता, दोन सालं रान पडीक होतं, हे कागदावर कुठं लिहिलेलं असतं? घर हाकेच्या अंतरावर होतं. जाऊन बघायला काय धाड भरली होती?

सोमवारची ओटी मोडली नाही, फक्त पाच दाण्यांची झाली. कोंडीरामची बायको तुळजाबाई दर सोमवारसारखी आली. पाच दाणे पडले तरी ती पदर पसरून तशीच उभी राहिली. मग तिनं त्या पाच दाण्यांची गाठ मारली आणि "येते अव्वा" म्हणून निघाली. असे तीन सोमवार गेले. ओसरीवर बसलेल्या गुंडाप्पानं ते तिन्ही वेळा पाहिलं, आणि मान वळवून कागदात घातली. चौथ्या सोमवारी ती आली नाही. चावडीवर तर नाहीच नाही. झाकली मूठ तिनं झाकलेलीच ठेवली.

चैत्रात कोंडीराम गेला. लोक म्हणाले, तापानं गेला. मयताला गेलेल्या बायांनी मात्र पिठाचा रिकामा डबा पाहिला, जात्याला लागलेली जाळी पाहिली, आणि गौराबाईला येऊन सांगितलं. ती गुंडाप्पाला एका शब्दानं बोलली नाही. तिनं शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, असं त्याला वाटत राहिलं.

दिवसकार्य झाल्यावर त्यानं ज्वारीचं पोतं गाडीत घातलं आणि तो तिच्या दारात गेला. मोकळ्या कपाळाची तुळजाबाई उंबऱ्यावर बसली होती.

"वहिनी, चुकलं माझं," तो म्हणाला. "एवढं ठेवून घ्या."

"माघारी न्या, दिवाणजी. भीक म्या कवाच घेतली न्हाय."

"भीक न्हाय हो. ओटीच समजा."

तिनं त्याच्याकडं नीट पाहिलं. "ओटी? कुंकू पुसलेल्या बाईची ओटी भरता व्हय तुमी?"

गाडी तशीच माघारी फिरली.

पुढच्या सोमवारपासून ओटीत पुन्हा ज्वारी पडायला लागली. यादीतली पोतीही चालू राहिली, आणि त्या पोत्यांवर बरीच घरं तगली, हेही खरंच. लोक त्याचंच नाव काढतात. दर सोमवारी गुंडाप्पा ज्वारीचं पोतं स्वतः दारापर्यंत ओढून आणतो, आणि रांगेतल्या बायांकडं एकदा बघून घेतो. तुळजाबाई त्या रांगेत येणार नाही, हे त्याला माहीत असतं. तिची तिथं उभी राहायची जागाच त्यानं घालवली होती.