बॅटऱ्यांमधला नारळ

माझी लेक विमानाच्या बॅटऱ्यांचं काम करते. आकाशात असताना इंजिनाकडची वीज गेलीच, तर यंत्रं चालू ठेवायला जी बॅटरी लागते, ती कोणती घ्यायची हे तिनं सांगायचं. आणि मी? मी भिलाईतल्या हुडको वस्तीत बॅटरी चार्जिंगचं दुकान चालवलं. आमचे हे रेल्वेत डब्यांच्या बॅटऱ्यांवर होते, थोडं त्यांनी दाखवलं, बाकी माझ्या हातांनीच शिकवलं मला.

गेल्या साली लेक चार दिवस भिलाईतच रिसालीला आमच्या घरी आली, पण लॅपटॉप काही मिटेना. दोन बॅटऱ्यांमधून एक निवडायची होती. एक हलकी, सगळ्यांच्या आवडीची. दुसरी लोखंडाच्या मसाल्याची, म्हणजे आतल्या रसायनात लोखंड असलेली, जड, पण लवकर न भडकणारी. सोमवारी सही करायची. तिच्या सहीवर भरलेलं विमान उडणार, मग घास कसा उतरेल?

"सब लोग हलकीच बोल रहे हैं, आई. टेस्टमध्ये पास आहे."

"मंग तू जेवून कावून नाही राहिली? बरं, मले एक सांग. आतला एक सेल तापला, तर बाजूच्याचं काय होते?"

"तापायचा चान्सच कमी आहे."

"चान्स नाही विचारून राहिली मी. बाजूच्याचं विचारून राहिली."

हे पेपरामागून म्हणाले, "घ्या! आता हिले विमान कंपनीत नोकरी द्या."

मी लक्ष दिलं नाही. मला आठवत होती आमची एक विश्वकर्मा पूजा. भिलाईत त्या दिवशी प्रत्येक यंत्राला हार. मीही तीन बॅटऱ्या पाटावर मांडल्या, दोन चिकटून, मग नारळ, मग तिसरी. हळदकुंकू वाहिलं, वरून लाल कापड घातलं. हौस हो! घाईचं गिऱ्हाईक होतं म्हणून पहिलीचं चार्जिंग तेवढं चालू ठेवलं. आरती संपेपर्यंत आंबूस वास सुटला. कापड ओढलं तर पहिली फुगलेली, चिकटलेली दुसरीही हात लावू देईना. नारळापलीकडची मात्र थंडगार. त्या दिवसापासून माझ्या दुकानात दोन बॅटऱ्यांत चार बोटं जागा. लेक लहानपणी स्वतःची बोटं ठेवून मोजायची.

तिलाही तेच आठवलं असावं. हळूच म्हणाली, "आम्ही सेल तापवला आई, पण सुट्टा. बाकीच्या सेलनी भरलेल्या डब्यात नाही."

"मंग तापव ना भरल्या डब्यात!"

तिनं तिथूनच साहेबांना फोन लावला आणि आठ दिवस मागून घेतले. साहेब कुरकुरले. ही म्हणाली, "सर, बिना देखे साइन नहीं करूंगी." मग मात्र पोटभर जेवली.

आठ दिवसांनी तिचा फोन आला. हलकीचा एक सेल पेटला आणि रांगच्या रांग गेली. जड बॅटरीतून धूर निघाला, पण आग पुढे सरकली नाही. व्हिडिओ पाहून साहेबांनी वजनाचं नाव काढणं सोडलं. सही झाली जड बॅटरीवर, पोलादी डब्यात बसवून, धूर विमानाबाहेर काढणारी नळी लावून.

"अन जागा किती ठेवली मधात?"

"विमानात चार बोटं कुठून आणू, आई? दर दोन सेलमध्ये अभ्रकाची पातळ पाटी टाकली, एकाची आच दुसऱ्याला लागू नये म्हणून."

"म्हणजे नारळच की," मी म्हटलं.