ज्युलीची काळी शी

त्या वर्षी आमची डॉग टीम खाडीलगत, करावे गावाच्या बाजूला तंबू ठोकून होती. दोन लॅब्राडॉर, त्यांचे दोन हँडलर आणि मी हवालदार. काम स्फोटकं हुंगून काढण्याचं. सकाळचा पहिला रिपोर्ट कुत्र्याच्या शीचा. घट्ट, तपकिरी असली की कुत्रा फिट. पातळ असली की खाणं बंद. लोक हसायचे. हसू देत. पोट बिघडलंय हे कुत्र्याला सांगता येत नाही, ते आपणच ओळखायचं.

त्या दिवशी ज्युलीची शी डांबरासारखी काळी आणि चिकट होती. लाल रक्त खालच्या आतड्यातलं. काळं म्हणजे जठरातलं, पचून आलेलं. तिच्या हिरड्याही पांढऱ्या पडल्या होत्या.

"बशीर, काय खाल्लं हिनं?"

"काय नाय, उस्ताद."

लान्स नायक बशीर, ज्युलीचा हँडलर, महाडकडचा. एरवी तोंडाला कुलूप नसायचं. आता नजर चुकवत होता.

तेवढ्यात वायरलेस सेट खरखरला. सुभेदारसाहेब होते. "खाडीपुलाखाली बेवारस बॅग. ज्युलीला पाठवा. ओव्हर."

"ज्युली आजारी, साहेब. दुसरा कुत्रा पाठवतो. ओव्हर."

"आजारी म्हणजे? अनफिट लिहू का?"

बशीरनं माझा हात धरला. अनफिट कुत्र्याला तेव्हा इंजेक्शन देऊन कायमचं झोपवत, हे आम्हाला ठाऊक होतं.

"उस्ताद, ती लंगडत होती. साहेबांनी बघितलं असतं तर? म्हणून माझी गोळी दिली. रोज."

ती अंगदुखीची गोळी. पाय मुरगळो की पाठ धरो, आमच्या दवाखान्यात जवानाला तीच मिळायची. बशीरनं मायेपोटी दिली आणि तिनं ज्युलीचं जठर पोखरलं. कानाखाली द्यावी असा राग आला होता मला. पण तो रडत होता.

"फिट की अनफिट ते डॉक्टर ठरवतील, साहेब. गाडी द्या. ओव्हर."

सेटवरून आवाज आला, "गाडी निघाली. आऊट."

जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टरसाहेबांना बशीरनं स्वतःच सगळं सांगितलं. "बोललास म्हणून औषध देता येईल," ते म्हणाले. "लंगडणं तर नुसत्या विश्रांतीनं गेलं असतं, वेड्या."

पुढे एका सकाळी बशीर ओरडतच आला, "उस्ताद, तपकिरी! घट्ट!" आम्ही सगळे बघायला धावलो. दुपारी त्यानं जिलेबी वाटली.

ज्युली फिट ठरली. म्हणूनच पुढच्या पोस्टिंगला बशीरबरोबर काश्मीरला गेली. ताफ्याच्या पुढे चालताना तिनं रस्त्यातला सुरुंग हुंगला आणि शिकवल्याप्रमाणे खाली बसली. ताफा थांबला, वाचला. शेजारचा दुसरा सुरुंग मात्र बशीर आणि ज्युलीच्या पायांखाली फुटला.

मी आता कामोठ्याला राहतो. सोसायटीतले कुत्रे सकाळी फिरायला निघतात, मी वाकून शी बघतो, पोरं हसतात. घट्ट, तपकिरी दिसली की जिलेबीचा पुडा घेऊन धावत येणारा बशीर आठवतो. ज्युली त्याच्या पुढे असते.