राहून गेलेली दुरुस्ती

“काका, बाबा गेले.” चांदूर रेल्वेहून गजाननच्या मुलाचा फोन आला तेव्हा मी अकोल्यात, जठारपेठेतल्या घरी मेथी निवडत बसलो होतो. त्याला आता दीड महिना झाला. गजानन माझा शाळेपासूनचा दोस्त. तो लिंबाच्या बगिच्यात रमला, मी वर्तमानपत्रात आयुष्य काढलं. इंग्रजी बातम्या मराठीत आणायच्या, हे माझं काम, आणि इंग्रजी वाक्प्रचारांची मला भारी हौस. ‘रेझ्ड टू द ग्राउंड’ तर खास लाडका. एखादी इमारत, एखादी वस्ती पार भुईसपाट झाली, वीटही जागेवर राहिली नाही, तिथंच खरं तर तो शोभतो. पण ठसकेबाज शब्द हाताशी असला की एवढा विचार कोण करतो...

एका उन्हाळ्यात अवकाळी वादळ झालं. चांदूरकडचे बगीचे ‘रेझ्ड टू द ग्राउंड’ झाल्याची इंग्रजी बातमी टेबलावर आली. मी ‘जमीनदोस्त’ असा मथळा ठोकला आणि बातमीला वजन यावं म्हणून गजाननचं नावही घातलं. त्याला साधा एक फोन केला नाही. चार दिवसांनी तो लिंबांची थैली घेऊन ऑफिसात हजर. त्याची मोजकीच झाडं पडली होती. पण दरवर्षी माल उचलणाऱ्या अमरावतीच्या व्यापाऱ्यानं बातमी वाचून दुसरीकडे सौदा केला होता आणि इकडे झाडाखाली लिंबं सडत होती.

“इंग्रजीत तसंच लिहितात,” मी म्हणालो. बोलताना माझी मलाच लाज वाटली.

“लिहिणाऱ्यानं बगीचा पाह्यला होता काय?” त्यानं शांतपणे विचारलं. “तुले तं माहीत होता ना लेका. एवढं छापून दे, झाडं उभी हायेत म्हून.”

दुरुस्ती छापायची म्हणजे चूक कबूल करायची. आज देतो, उद्या देतो करत मी ती दिलीच नाही. गजाननने मैत्री तोडली नाही. दर उन्हाळ्यात येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हाती लिंबं पाठवत राहिला, बातमीचा विषय मात्र पुन्हा काढला नाही. भांडला असता तर बरं झालं असतं...

तेरवीला गेलो, तेव्हा पाहुण्यांतला एक जण मुलाला म्हणाला, “तुमचा बगीचा तं वादळात गेला होता ना? पेपरात होतं.” मुलानं माझ्याकडे पाहिलंही नाही. तो उठला आणि त्या माणसाला बगीचा दाखवायला घेऊन गेला. मी जागचा हललो नाही.

म्हणून आज, फार उशिरा, लिहितो. त्या वादळात चांदूर रेल्वेच्या गजाननचा बगीचा जमीनदोस्त झाला नव्हता. नऊ झाडं पडली होती. बाकीची उभी होती, आजही आहेत. बातमी चुकीची होती आणि ती मी दिली होती.