पेठ्यांचा छंद

पेठे बोलता बोलता दुसऱ्याच्या ताटातलं उचलायचे. सिंगापूरला आमच्या मरीन परेडमधल्या फ्लॅटवर पहिल्यांदा आले तेव्हा माझ्याच ताटातली अळूवडी तोंडात टाकली आणि बोटं चाटत म्हणाले, "वहिनी, आपल्यात कसला संकोच!" मला शिसारी आली. पण जुरोंग आयलंडवरच्या केमिकल प्लांटमध्ये ते मंदारचे, म्हणजे माझ्या नवऱ्याचे, वरिष्ठ. मी हसून घेतलं.

सिंगापूरला येण्याआधी पेठे बरीच वर्षं टेक्सासला होते. तिथे त्यांना नेमबाजीचा नाद लागला, आणि मग घरच्या गॅरेजमध्ये काडतुसं भरण्याचा. झाडलेल्या काडतुसाची रिकामी पितळी नळी साफ करायची, नेमकी मोजून बंदुकीची दारू घालायची, वर गोळी दाबून बसवायची. इथे असलं काही घरात सापडलं तर थेट तुरुंग, त्यामुळे उरल्या होत्या फक्त गप्पा. "लोक सोनारासारखा काटा घेऊन बसतात हो! मी मात्र एका हातात बिअर, समोर मॅच. हात बसला की झालं." त्यांनी भरलेलं एक काडतूस मित्राच्या बंदुकीत फुटलं, हा किस्सा तर प्रत्येक पार्टीत. मित्र कसा उताणा पडला याची नक्कल, आणि शेवटी, "होतं हो असं कधीकधी!" माणसं पोट धरून हसत.

गेल्या वर्षी ते मित्र, अनिल, ऑस्ट्रेलियाला जाताना सिंगापूरला थांबले. पेठे त्यांना आमच्याकडे जेवायला घेऊन आले. अनिलचा उजवा डोळा काचेचा होता.

"हाच आमचा हिरो!" पेठ्यांनी त्यांच्या पाठीवर थाप मारली आणि त्यांच्यादेखत नक्कल सुरू केली.

अनिलनी ग्लास खाली ठेवला. ठेवण्याआधी बोटांनी टेबलाची कड चाचपली.

"श्री," ते पेठ्यांना म्हणाले, "तू काडतुसांत दारू भरत होतास तेव्हा तुला फोन आला होता."

"असेल."

"परत आलास, तर कुठल्या नळ्या भरल्यात आणि कुठल्या राहिल्यात, तुला कळेना. मी म्हटलं, सगळ्या ओत, परत मोजून भर. निदान बॅटरी मारून प्रत्येकीत बघ. दुसऱ्या दिवशी काडतुसं हातात देताना तू म्हणालास, 'बघितलंय.' एकीत दुप्पट दारू होती." त्यांनी पेठ्यांकडे मान वळवली. "बघितलं होतंस?"

पेठे हसले. "नव्हतं रे. एवढ्या सगळ्या कोण तपासत बसणार? एरवी कधी काही झालं नव्हतं." मग माझ्याकडे वळून, "वहिनी, श्रीखंड आहे ना अजून?"

अनिल उठले. मंदार त्यांना टॅक्सीपर्यंत सोडायला खाली गेला.

"तुम्हीही निघा," मी पेठ्यांना म्हटलं.

"गंमत करताय?"

"नाही. पुन्हा या घरात येऊ नका."

ते गेल्यावर त्यांची वाटी मी घासली नाही, कचऱ्यात टाकली. मंदार वर आला, तेव्हा पेठ्यांना काय म्हटलं ते त्याला सांगितलं. वाटलं, चिडेल; नोकरी, इथे राहायचा पास, सगळंच त्या माणसाशी बांधलेलं. तो खिडकीपाशी गेला.

"उद्या दुसरी टीम मागतो," तो म्हणाला. "नाही मिळाली तर दुसरी नोकरी बघू. प्लांटवर रोज मी त्यांना विचारतो, पाइपलाइन रिकामी आहे ना, आत गॅस उरला नाही ना? ते म्हणतात, 'बघितलंय.' आणि मी व्हॉल्व्ह उघडतो."