हाडातली बाई

थोरलीला कुणाचाच हेवा वाटत नव्हता असाही एक काळ होऊन गेला म्हणतात. पण तेव्हा ती पाळण्यात होती, आणि तिथूनही तिची मान शेजारच्या पाळण्याकडे वळायची असं तिची आईच सांगायची. शाळेत मैत्रिणीच्या वेणीचा, कॉलेजात मैत्रिणीच्या अक्षराचा, स्वतःच्या लग्नात स्वतःच्याच बहिणीच्या हसण्याचा. हेवा हा तिचा व्यायाम होता म्हणा ना. त्यानंच ती अशी सडपातळ राहिली. पण हे सगळे फुटकळ हेवे. खरा, मुरलेला, घसघशीत हेवा वाट्याला आला तो चाळिशी उलटल्यावर, आणि तोही तिनं आपल्या हातांनी आणून शेजारच्या खुर्चीवर बसवलेला. म्हणजे धाकटी जाऊ.

थोरली काम करायची ती जुन्या हाडांतून डीएनए काढण्याचं. आता डीएनए म्हणजे काय ते शाळकरी पोरंही सांगतात: पेशीपेशीत गुंडाळून ठेवलेला, चार अक्षरांत लिहिलेला लांबलचक धागा. जिवंत माणसाच्या थुंकीत तो पैशाला पासरी मिळतो. मातीत युगं काढलेल्या हाडात मात्र त्याचे बारीक तुकडे उरतात, तेही टोकाशी झिजलेले, कुरतडल्यासारखे. ते मिळवायचे तर हाड आधी नीट साफ करायचं, अतिनील दिव्याखाली ठेवायचं, मग बारीक ड्रिलनं त्याची चिमूटभर भुकटी काढायची. हे सगळं ज्या खोलीत चालायचं तिला नुसतं 'स्वच्छ खोली' म्हणत. आत जाताना नखशिखांत पांढरा अंगरखा, दोन-दोन हातमोजे, तोंडावर मास्क. आत बोलायचं नाही, शिंकायचं नाही, जमलं तर विचारही हळू करायचा. कारण आपला डीएनए ताजा, गलेलठ्ठ. त्याचा एक कण हाडावर पडला की बिचाऱ्या जुन्या तुकड्यांना कोण विचारतो?

या खोलीत थोरलीची उमेदीची वर्षं गेली. हात चोख, शिस्त कडक. तिनं काढलेल्या भुकटीत कधी कचरा निघाला नाही. डीएनएही तसा बेताचाच निघायचा, पण त्याला इलाज नव्हता. हाडं जुनी, दैव रुसकं.

आणि मग धाकट्या दिराचं लग्न झालं. नवी सून त्याच विषयातली पदवी घेऊन आलेली. सासूबाई म्हणाल्या, हिला तुझ्याकडेच चिकटव बाई, दिवसभर ही नि मी घरात समोरासमोर राहिलो तर मला कान बंद करून बसावं लागेल. थोरलीनं शब्द टाकला. मनात हिशेब असा की पोर नवखी आहे, बाटल्या धुईल, 'ताई, ताई' करत मागे फिरेल, आपला रुबाब वाढेल.

ती 'ताई, ताई' करत फिरली हे खरं. पण तिच्या हाताला गुण निघाला.

विज्ञानात हातगुण वगैरे काही नसतं, हे प्रयोगशाळेतली सगळी मंडळी छातीठोकपणे सांगतात आणि अवघड नमुना आला की गुपचूप हातगुणाच्या माणसाकडे नेऊन देतात. तेच पाणी, तेच रसायन, तीच कृती; थोरलीच्या नळीत ठणठणाट, धाकटीच्या नळीत डीएनए. थोरलीनं तिच्यावर डोळा ठेवला. ती झाकण अंगठ्यानं लावते, हिनंही लावून पाहिलं. नळी हलवताना ती डावा पाय किंचित उचलते असं लक्षात आल्यावर थोरलीनं दार लोटून तेही करून पाहिलं. नळीतून काही निघालं नाही, पोटरीला गोळा तेवढा आला.

घरीही तेच. सासूबाईंना चहा धाकटीच्याच हातचा लागे. थोरलीचा नवरा चष्म्यांचा दुकानदार; मोठा समंजस, म्हणजे बायको बोलत असताना काचा पुसत बसणारा. तो एकदा म्हणाला, "अगं, तिचं चांगलं झालं म्हणून तुझं वाईट झालं का?" थोरली म्हणाली, "हो." एवढा सरळ जबाब त्याला अपेक्षित नव्हता. तो पुन्हा काचा पुसू लागला.

अशात दोन गोष्टी एकदम घडल्या. स्वच्छ खोलीच्या जुन्या प्रमुखबाई निवृत्त व्हायला निघाल्या. त्यांची जागा दोघी जावांपैकी एकीला जाणार हे झाडूवालीलाही ठाऊक होतं. ही जागा थोरलीनं मनातल्या मनात कधीच घेऊन टाकली होती, फक्त पाटी लावायची राहिली होती. आणि त्याच सुमारास संग्रहालयातून एक हाड आलं. टेकडीखाली तांब्याच्या आरशासकट पुरलेली कुणी मानाची बाई, तिच्या कानामागचं. हे हाड दगडासारखं घट्ट असतं, डीएनए टिकला तर तिथंच टिकतो. थोरलीनं त्यावर दोनदा मेहनत घेतली आणि दोनदा 'काही नाही' असं कळवलं. मग संचालकांनी उरलेला तुकडा धाकटीकडे दिला.

संचालक कमी बोलायचे. त्यांच्या सगळ्या भावना एका हुंकारात मावत, म्हणून पाठीमागे त्यांना 'हूंसाहेब' म्हणत. तुकडा धाकटीपुढे सरकवताना त्यांनी केलेला हूं थोरलीनं ऐकला. त्यात आशा होती. आपल्याला मिळालेल्या हूंमध्ये ती कधी नव्हती, एवढं तिला पक्कं कळलं.

एका दुपारी धाकटीनं ते हाड साफ केलं, दिव्याखाली ठेवलं, मग डबीत झाकलं आणि ड्रिल करण्याआधी जेवायला गेली. थोरली खोलीत आली ती हातमोजे ठेवायला. निदान पायांना तिनं तसंच सांगितलं होतं. डबी समोर होती. तिनं झाकण उचललं. मास्कमुळे तिच्या चष्म्यावर वाफ धरलेली. चष्मेवाल्याची बायको, पण दिव्याखाली अंधार! नीट दिसेना, म्हणून मास्क हनुवटीवर ओढला, वाकली, आणि तोंड अगदी हाडाशी नेऊन चार शब्द बोलली. मग झाकण लावलं, मास्क वर केला, आणि जेवायला जाऊन धाकटीला 'काम कसं चाललंय गं' असं गोड आवाजात विचारलं.

पुढं काय झालं? झालं ते असं की धाकटीला डीएनए मिळाला. भरपूर. सोबत चालवलेली कोरी नळी, म्हणजे ज्यात हाड घालतच नाहीत, नुसतं पाणी आणि रसायन, ती स्वच्छच निघाली. म्हणजे पाण्यात खोट नाही, रसायनात खोट नाही. हूंसाहेबांनी एका दमात दोनदा हूं केलं. संग्रहालयातून अभिनंदनाचे फोन आले. सासूबाईंनी जिन्यात भेटेल त्याला थांबवून सांगितलं की आमच्या धाकटीनं हजारो वर्षांपूर्वीच्या बाईला बोलतं केलं.

 थोरलीचा एकच धोशा: ही कसली जुनी बाई, ही धाकटीचीच थुंकी! तपासणीही थोरलीकडेच आली. रीतच होती तशी. तिथं काम करणाऱ्या प्रत्येकाच्या गालाच्या आतून कापसानं पुसून घेतलेला नमुना वाचून ठेवलेला असे, आणि निकाल जाहीर करण्याआधी तो त्या सगळ्यांशी ताडून पाहायचा. हाडातून वाचला होता तो डीएनएचा प्रकार फक्त आईकडून लेकरांना येतो, बापाचा त्याला हात लागत नाही. म्हणजे अस्सल माहेरचा. दोघी जावांचं आडनाव एक, सासू एक, पण या बाबतीत ही कुठली आणि ती कुठली!

थोरलीनं दार लावलं, सैल होऊन बसली, आणि सगळ्यात आधी धाकटीचाच नमुना काढला. जुळेना. पुन्हा पाहिलं, तरी जुळेना. मग चिडून प्रमुखबाईंचा, हूंसाहेबांचा, ड्रायव्हरचा, झाडूवालीचा. कुणाचाच नाही. उरली ती एकटीच. आता काम म्हणजे काम, म्हणून तिनं स्वतःचाही लावला.

अक्षरन् अक्षर जुळलं.

पहिल्यांदा तिच्या मनात आलं ते इतकं गोड होतं की ती खुर्चीत ताठ झाली: म्हणजे ती आरशावाली मानाची बाई आपल्या माहेरची! आपल्या आईच्या आईच्या आईची कुणी! हा आनंद जेमतेम चहाचा कप रिकामा होईपर्यंत टिकला. कारण हात शिस्तीचा. तिनं तुकडे तपासले. लांबच लांब, टोकं धडधाकट, कुठं झीज नाही. इतकी युगं मातीत काढलेली बाई अशी गुटगुटीत नसते. आणि मग ती दुपार आठवली. आपली वाफ. आपले चार शब्द.

आता पेच बघा. गप्प बसावं तर निकाल धाकटीच्या नावावर, खोलीही तिचीच. बोलावं तर धाकटीचा फुगा फुटेल, पण टाचणी आपल्याच बोटात रुतेल. तिसरी वाटही होती, आणि ती तिला सुचली नाही असं समजू नका. नमुन्यांवरच्या पाट्यांची अदलाबदल केली की थोरलीची अक्षरं धाकटीची ठरणार होती. मूर्ख धाकटी आपलाच डीएनए वाचून नाचली, असं सगळे म्हणाले असते. थोरलीचं बोट संगणकाच्या कळीपर्यंत गेलं.

आणि अडलं. सदसद्विवेकबुद्धी वगैरे मोठी नावं त्याला देऊ नका. तिच्या मनात आलं ते एवढंच: आपल्या आईची, आजीची, पणजीची अक्षरं धाकटीच्या माहेरी पाठवायची? आधीच काय कमी मिळतंय तिला?

ती काही दिवस गप्प राहिली. नवऱ्याला तेवढं सांगितलं. तो म्हणाला, गप्पच राहा, संग्रहालय खूश, आई खूश, धाकटी खूश. थोरली म्हणाली, "तीच तर खूश व्हायला नकोय."

मग सगळ्यांची बैठक भरली. संग्रहालयाचे अभ्यासक आले होते. त्यांनी पडद्यावर ती अक्षरं दाखवली आणि स्तुतीला सुरुवात केली. किती सुंदर टिकलाय हा डीएनए! केवढी ही परंपरा, आईकडून लेकीकडे, न तुटता आलेली! आणि मग धाकटीकडे वळून म्हणाले, "या हातांचं कौतुक करावं तेवढं थोडं." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. धाकटी लाजली.

आपल्या आईच्या वंशाचं कौतुक चाललंय आणि टाळ्या जावेला! थोरलीनं आयुष्यात पुष्कळ सोसलं होतं, पण हे नाही सोसवलं. ती उभी राहिली.

"ती बाई मी आहे."

हूंसाहेबांच्या तोंडून पहिल्यांदाच प्रश्नार्थक हूं निघाला. मग सगळं सांगावं लागलं. डबी, वाफ, हनुवटीवरचा मास्क. सांगताना ती धाकटीकडेच बघत होती. आता हिचा चेहरा उतरणार, तो डोळे भरून पाहायचा, एवढीच मिळकत उरली होती. चेहरा उतरलाही. धाकटीनं पडद्यावरची नजर थोरलीकडे वळवली. मग तिनं विचारलं, "ताई, हाडाशी बोललात तरी काय तुम्ही?"

थोरली खोटं बोलली असती, पण एवढ्या लोकांसमोर पटकन सुचेना. "विचारलं मी त्याला. 'तुझ्यात असं काय आहे, जे हिलाच मिळतं?'"

"मग मिळालं की उत्तर," धाकटी म्हणाली. "तुम्हीच होतात."

अभ्यासकांना खोकला आला. प्रमुखबाईंनी छताकडे पाहिलं.

हाडाचा नखाएवढा कपचा अजून शिल्लक होता. धाकटीनं तो घेतला, नव्यानं साफ केला, पुन्हा सगळं पहिल्यापासून केलं. पुढच्या बैठकीत तिनं निकाल सांगितला, "काही नाही. या हाडात काहीच उरलेलं नाही." न अडखळता, न सबब सांगता, जरा हसूनच. हूंसाहेबांनी हूं केलं. लांब, खोल, तृप्त हूं. आणि वर चक्क बोलले, की नसलेलं नाही म्हणून सांगायला धैर्य लागतं, असं माणूस खोलीला हवं. खोली धाकटीला मिळाली. थोरलीला वर्षभर आत पाऊल टाकायला मनाई झाली; तिनं बाहेर बसून आलेली हाडं मोजायची, नोंदवायची.

जागा गेली याचं दुःख होतंच. पण ते समजण्यासारखं दुःख होतं, त्याच्याशी तिची जुनी ओळख होती. तिला खरी झोंबली ती निराळीच गोष्ट. त्याच हाडात काही नाही हे तिनं आधी सांगितलं होतं, तेही दोनदा! तेव्हा ते अपयश होतं. धाकटीनं सांगितलं तर धैर्य! म्हणजे यशाचा हेवा करून झाला, हाताचा झाला, आता हिच्या अपयशाचाही हेवा करत बसायचं?

घरी तिनं हे सासूबाईंसमोर मांडलं. सासूबाई धाकटीच्या हातचा चहा पीत होत्या. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"अगं, तू 'काही नाही' म्हणालीस तेव्हा तोंड असं केलं असशील," त्या म्हणाल्या आणि त्यांनी ते करून दाखवलं. हुबेहूब होतं. "ती म्हणाली ते हसून. फरक पडतो बाई."

थोरली उठली, आतल्या खोलीत गेली आणि कडी लावली. बऱ्याच वेळानं नवरा दाराशी आला. आतून तिचा आवाज येत होता. आरशासमोर उभी राहून ती म्हणत होती, "काही नाही." थोडं थांबून, आणखी गोड आवाजात, "काहीच नाही." मग पुन्हा, धाकटीसारखं मान किंचित तिरकी करून.

जमत नव्हतं. पण आज ना उद्या जमवेन, आणि तिच्यापेक्षा चांगलं जमवेन, असं तिचा आवाजच सांगत होता.